तुझं गाणं तुझ्या तोंडून

अगं बयो, तुझा निरोप वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देऊन मिटवण्यासारखं हे नाही, म्हणून निवांत बसून लिहितेय. तुमच्या कॉलेजच्या घोळक्यात रॉकचा विषय निघाला, जो तो आपलं आवडतं गाणं सांगायला लागला, कुणी कुठली कॉन्सर्ट पाहिली त्याच्या आठवणी निघाल्या. तुझी पाळी आली तेव्हा एकाने मध्येच तोंड घातलं, ‘बँडचा टी-शर्ट घातलायस ना, मग त्यांचे पाच अल्बम सांग बघू.’ तुला तीन आठवले आणि मग तू गप्पच बसलीस. घरी आल्यावर तो टी-शर्ट कपाटाच्या तळाशी गेला. तर पहिलं काम, तो टी-शर्ट वर काढ आणि सोमवारी घालून जा. धुताना मात्र उलटा करून धू, नाहीतर छापलेलं चित्र तडकतं.

ही तोंडी परीक्षा आमच्याही वेळी होती. मुलगा आयर्न मेडनचा टी-शर्ट घालून आला की त्याच्या पाठीवर थाप पडायची, मुलगी आली की प्रश्न यायचा, ‘भावाचा आहे का?’ मला याचा आजही राग येतो. कारण हे विचारणाऱ्यांना सिस्टर रोझेटा थार्पचं नावही बहुतेक वेळा माहीत नसतं. अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये १९१५ साली जन्मलेली ही बाई चर्चची भजनं गायची आणि गळ्यात इलेक्ट्रिक गिटार अडकवून ती अशी वाजवायची, की पुढे रॉक अँड रोल म्हणून जे जगभर गाजलं त्याची चाहूल तिच्या १९४४ सालच्या रेकॉर्डमध्येच लागते. लिटल रिचर्ड शाळकरी पोरगा असताना तिनेच त्याला आपल्या कार्यक्रमात गायला उभं केलं होतं. जॉनी कॅशची ती लहानपणापासूनची आवडती गायिका.

१९६४ च्या मे महिन्यात मँचेस्टरजवळच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात तिचा कार्यक्रम टीव्हीसाठी चित्रित झाला, त्याची फीत आज सहज पाहायला मिळते. एका फलाटावर प्रेक्षक, रूळ मध्ये, समोरच्या फलाटावर ती. पाऊस पडून गेलेला. अंगात पांढरा कोट, गळ्यात पांढरी गिटार. तेव्हा तिची पन्नाशी जवळ आली होती. त्या फलाटावर उभी राहून ती गिटारच्या तारेवर बोट असं सरकवते की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला घ्यायला मात्र २०१८ साल उजाडलं, म्हणजे तिच्या मृत्यूनंतरही ४५ वर्षं गेली. ती फीत एकदा बघ. पुन्हा कुणी अल्बमांची नावं विचारली तर तुझा आवाज आपोआप शांत आणि ठाम येईल.

आता तुझा खरा प्रश्न. ‘ताई, मी सांगू तरी काय? सगळ्यांना सगळं माहीत असतं.’

अगं, माहिती सांगायचीच नाही. अल्बम कितवा, ड्रमर कोणत्या साली बदलला, हे फोनवर मिळतं. तुला काय झालं ते फोनवर मिळत नाही. ते गाणं पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा तू कुठे होतीस, कुणी ऐकवलं, कुठल्या जागी तू थांबून पुन्हा मागे गेलीस, ते सांग. मला विचारशील तर गाण्याची आठवण कशी सांगावी याचा सगळ्यात चांगला नमुना खुद्द एका रॉक गाण्यातच आहे, आणि तो तुलाही ठाऊक आहे. गिटार हातात आल्यावर प्रत्येक पोरगा-पोरगी ज्याने सुरुवात करतात तो ‘स्मोक ऑन द वॉटर’चा रिफ. तो वाजवणाऱ्या निम्म्या मंडळींना माहीत नसतं की ते गाणं म्हणजे एका कॉन्सर्टची आठवणच आहे.

झालं होतं असं. ४ डिसेंबर १९७१. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो नावाचं गाव आहे, तिथल्या कॅसिनोत फ्रँक झॅपा आणि त्याच्या बँडचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन छताच्या दिशेने उडवली आणि छत पेटलं. बघता बघता अख्खी इमारत जळून गेली. माणसं मात्र वाचली. माँत्रो जॅझ महोत्सवाचा चालक क्लोद नोब्स त्या धुरात आत-बाहेर करत पोरांना बाहेर काढत होता. डीप पर्पलची मंडळी त्याच कॅसिनोत दुसऱ्या दिवसापासून आपला नवा अल्बम रेकॉर्ड करणार होती. त्यांची जागाच जळाली. हॉटेलच्या खिडकीतून त्यांना सरोवराच्या पाण्यावर पसरत चाललेला धूर दिसत होता. मग हिवाळ्यामुळे रिकाम्या पडलेल्या ग्रँड हॉटेलच्या मार्गिकेत गाद्या लावून, बाहेर रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी उभी करून त्यांनी ‘मशीन हेड’ पुरा केला. तो १९७२ साली आला, आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ त्यातलंच.

त्या गाण्याचे शब्द लक्ष देऊन ऐक. उपमा नाहीत, तत्त्वज्ञान नाही. गावाचं नाव आहे, कुणाचा कार्यक्रम होता ते आहे, आग कशी लागली, लोकांना कुणी बाहेर काढलं, मग आम्ही कुठे गेलो, एवढंच आहे. ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं तसं सांगितलं. पन्नास वर्षांनंतरही ती आग आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. तेव्हा तू ‘खूप भारी होतं, शब्दच नाहीत’ असं म्हणू नकोस. शब्द असतात. थोडं थांबलं की येतात.

मी माझी एक आठवण तशी सांगून बघते. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान, आयर्न मेडन. त्यांचा तो अख्खा जगाचा दौरा मुंबईतूनच सुरू झाला होता, म्हणजे नवी सजावट आणि गाण्यांचा तो क्रम जगात सगळ्यात आधी आपण पाहिला. बँड, त्यांची माणसं आणि सामान एकाच बोइंग ७५७ मधून फिरत होतं आणि ते विमान त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत होता. ही झाली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. माझी गोष्ट वेगळी आहे. मैदानात पायाखाली माती होती, आणि पोरं उड्या मारायला लागल्यावर ती इतकी उडाली की दिव्यांच्या झोतात धुळीचे लोट दिसत होते. माझ्या पुढे एक धिप्पाड माणूस होता, केस पांढरे व्हायला लागलेले, ऑफिसातून थेट आलेला असावा, शर्ट खोचलेला. मला काही दिसत नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं, काही न बोलता बाजूला सरकला आणि मला पुढे घेतलं.

मग ‘फिअर ऑफ द डार्क’ सुरू झालं. त्या गाण्यात सुरुवातीला गिटारची एक संथ धून आहे. तिला शब्द नाहीत. पण जगभर सगळीकडे लोक ती धून तोंडाने गातात, हे मी नुसतं ऐकून होते. त्या रात्री हजारो माणसं ती ओ-ओ करत गायला लागली आणि गिटार त्या आवाजाखाली गेली. माझ्या शेजारचा तो खोचलेल्या शर्टाचा माणूस डोळे मिटून गात होता. घरी कॅसेटवर मी ते गाणं कितीदा तरी ऐकलं होतं, पण ते आपण गायचं असतं हे मला तिथे कळलं. परतताना आम्ही कुर्ला स्टेशनपर्यंत चालत गेलो, नाकातोंडात धूळ, घसा बसलेला, आणि वाटेत अनोळखी पोरंसुद्धा तीच धून गुणगुणत चालली होती.

बघ, यात मी एकाही अल्बमचं नाव घेतलं नाही.

आणि हे सांगणं-ऐकणं म्हणजे रॉकचा जोडधंदा आहे असं समजू नकोस. चाहत्यांनी एकमेकांना ऐकवलं नसतं तर कितीतरी बँड आपल्यापर्यंत पोचलेच नसते. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक डेन्मार्कहून अमेरिकेत आलेला पोरगा, ब्रिटिश बँडांच्या कॅसेटी टपालाने मागवायचा, देवघेव करायचा. १९८२ साली मेटॅलिकाने सात गाण्यांची एक कच्ची कॅसेट काढली आणि ती याच देवघेवीतून हातोहात गेली. कुणी कॉपी करून मित्राला दिली, मित्राने दुसऱ्या गावी धाडली. असं करत ती न्यू जर्सीत रेकॉर्डचं छोटं दुकान चालवणाऱ्या जॉनी झाझुलाच्या हाती लागली. त्याने या पोरांना थेट बोलावूनच घेतलं आणि १९८३ साली त्यांचा पहिला अल्बम स्वतः काढला. ग्रेटफुल डेड या बँडने तर याच्याही पुढे जाऊन १९८४ पासून आपल्या कॉन्सर्टमध्ये रेकॉर्डिंग करणाऱ्या चाहत्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. अट अशी की कॅसेटी विकायच्या नाहीत, वाटायच्या.

आपल्याकडेही तेच होतं. ९० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला एक अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि आतल्या कागदावर बारीक अक्षरात गाण्यांची यादी. गाणं संपायच्या आत टेप संपली तर शेवटचा सोलो अर्ध्यावर तुटायचा. त्या तुटलेल्या जागेची इतकी सवय झाली होती, की पुढे पूर्ण गाणं ऐकलं तेव्हा पुढचा भाग मला परका वाटला. माझ्याकडच्या कॅसेटींवर तीन-चार वेगवेगळी अक्षरं आहेत. कुणाचं कुठलं ते अजून ओळखता येतं.

तुमच्या घोळक्यात कुणी वयाने मोठं असेल, एखाद्याचे काका-मामा, कॉलेजातले सर, तर त्यांना रंगभवनबद्दल विचार. धोबी तलावापाशी, झेवियर्स कॉलेजच्या शेजारी हे उघडं नाट्यगृह. १९८६ साली तिथे फरहाद वाडियांनी इंडिपेंडन्स रॉक सुरू केलं, आणि ऑगस्टच्या आसपास पावसात भिजत पोरं तिथे जमायची. रॉक मशीन तिथे ऐकलेली माणसं भेटतात अजून. हाच तो बँड, ज्याने १९९३ साली नाव बदलून इंडस क्रीड केलं आणि त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओसाठी एमटीव्हीचं आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचं पारितोषिक मिळवलं. बहुतेक बँड तेव्हा इंग्लंड-अमेरिकेची गाणी वाजवायचे, यांनी स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट धरला. पुढे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरला. रंगभवन तर कॉलेज आणि रुग्णालयांच्या मधोमध. तिथली गिटार थांबली. इंडिपेंडन्स रॉक २०२२ साली मुंबईत पुन्हा भरलं, पण दुसऱ्या मैदानावर.

याच नियमांनी आपल्या सवाई गंधर्व महोत्सवालाही हात लावला, हे तुझ्या आईला विचार. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेला तो महोत्सव रात्र रात्र चालायचा, शेवटच्या दिवशी पहाट उलटून गेल्यावर अण्णा स्वतः गायला बसायचे. आता रात्रीच्या बैठका राहिल्या नाहीत. पण कुठल्या साली अण्णांनी कुठला राग घेतला, थंडी किती होती, आपण कुठल्या खांबापाशी घोंगडी पांघरून बसलो होतो, हे सांगणारी माणसं पुण्यात घरोघरी आहेत. तुझी आई त्यातली एक. तिला रॉक कळत नाही असं तू म्हणतेस, पण मैफलीची आठवण म्हणजे काय ते तिला तुमच्या घोळक्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं. तिला तुझं गाणं ऐकव आणि तिला तिची पहाट सांगायला लाव. दोघींच्या गोष्टी एकमेकींना लागून बसतील.

ऐकणाऱ्याचंही एक काम असतं, ते शिकून घे. कुणी कॉन्सर्टची आठवण सांगायला लागलं की लगेच ‘हो, मीपण गेले होते’ म्हणून आपली गाडी पुढे दामटायची नाही. एकच प्रश्न विचारायचा, ‘तू कुठे उभा होतास?’ या प्रश्नाने माणूस खुलतो. मागे होतो, खांबाच्या आड होतो, मित्राच्या खांद्यावर होतो, बाहेरच्या रस्त्यावरून ऐकत होतो, काहीही उत्तर येवो, तिथून पुढची गोष्ट त्याची स्वतःची असते. २०११ सालच्या ऑक्टोबरात मेटॅलिका भारतात आली तेव्हा गुडगावचा कार्यक्रम गर्दीने कठडे मोडल्यावर रद्द झाला आणि बंगळूरचा ३० तारखेला पॅलेस ग्राउंड्सवर झाला. आपल्याकडून उद्यान एक्सप्रेस धरून गेलेल्या पोरांना तू विचारलंस, तर स्टेजवर काय झालं त्याआधी ती सोलापूर-गुलबर्ग्यापर्यंत डब्यात कोण काय गात होतं ते सांगतील. ते तोडू नकोस. तेही कॉन्सर्टमध्येच धरायचं.

आणखी एक, हे जरा हळू आवाजात सांगते. तुमच्यात अशीही कुणी असेल जिला तिकीट परवडलं नाही. मोठ्या कॉन्सर्टचं तिकीट आता हजारांत जातं, ते काढायला सगळ्यांच्या घरी पैसे नसतात. त्यांच्यासमोर मनगटावरचा पट्टा मिरवत राहू नये. तिच्याकडे ना पट्टा ना फोटो, पण तिला एखादं गाणं तुझ्याहून जास्त पाठ असेल, तर तिला बोलू दे. आणि तिला घेऊन फुकट किंवा स्वस्तात ऐकायला मिळेल तिथे जा. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोमध्ये २००९ साली पॉर्क्युपाइन ट्री वाजवून गेले, कॉलेजच्या महोत्सवात! असे प्रसंग येतात, डोळे उघडे ठेवायचे. पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पन्नासच्या दशकात फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा हेक्टिक्स नावाच्या शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. शाळेतल्या समारंभात त्याला ऐकणाऱ्या पोरांनी काही तिकीट काढलं नव्हतं. तोच पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला.

आता तुझ्या पहिल्या मोठ्या कॉन्सर्टचं. तू जाणार आहेस हे नक्की, आणि आईला मी समजावीन. पण माझं एवढं ऐक.

कानात इअरप्लग घालायचे. हसू नकोस, याबाबतीत मी अडून बसणार. ८५ डेसिबलचा आवाज कानांना आठ तास सोसतो असं धरतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. रॉक कॉन्सर्टमध्ये स्पीकरजवळ आवाज १०० च्या वर सहज जातो आणि तू तिथे दोन-अडीच तास उभी राहणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली, ती उगीच नाही. एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ साली कान कायमचे जातील म्हणून दौरा अर्ध्यावर सोडावा लागला होता. संगीतासाठीचे प्लग वेगळे मिळतात, त्यात गाणं दबून जात नाही, फक्त धार कमी होते. बास तर तसाही छातीतूनच ऐकू येतो. कॉन्सर्टनंतर दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली तर कानाच्या डॉक्टरकडे जायचं, घरगुती तेल घालायचं नाही.

गर्दीचं त्याहून जास्त महत्त्वाचं. १९७९ साली सिनसिनाटीत ‘द हू’च्या कार्यक्रमाआधी दारापाशी चेंगरून ११ जण गेले. २००० साली डेन्मार्कच्या रॉस्किल्डला पर्ल जॅम वाजवत असताना कठड्यापाशी नऊ पोरांचा जीव गेला. तुला भीती घालायला हे सांगत नाहीये. कसं उभं राहायचं ते कळावं म्हणून सांगतेय. हात खाली सोडायचे नाहीत, छातीसमोर घडी घालून ठेवायचे, म्हणजे श्वासाला जागा राहते. पाय थोडे फाकवून उभं राहायचं. बूट पायातून न निघणारे, नाडीला दुहेरी गाठ. लाट आली की तिच्या विरुद्ध जोर लावायचा नाही, तिच्याबरोबर जायचं, आणि ती ओसरली की तिरकं तिरकं कडेला सरकायचं. खांद्यांना चारही बाजूंनी माणसं टेकायला लागली की गाणं कितीही आवडतं असलं तरी बाहेर पडायचं. आणि कुणी पडलं तर आधी त्याला उचलायचं. मॉश पिटमध्ये ढकलाढकली करणारी पोरंही हा नियम पाळतात. दांडगी दिसणारी चार पोरं एका पडलेल्या मुलीभोवती हात पसरून उभी राहिलेली मी स्वतः पाहिली आहेत.

कुणी अंगचटीला आलं तर गर्दी आहे, चुकून झालं असेल, असं मनात घोळवत बसू नकोस. मोठ्याने बोल, आजूबाजूच्यांना सांग, कठड्यापाशी सुरक्षेची माणसं असतात त्यांच्याकडे जा. मैत्रिणींनी आधीच ठरवून ठेवायचं की एकमेकींपासून तुटलो तर कुठे भेटायचं, कारण गर्दीत फोन लागत नाहीत. अमुक गाण्यानंतर भेटू असं ठरवू नका, जागा ठरवा. पाण्याचा स्टॉल, तंबूचा खांब, असं काहीतरी न हलणारं. कार्यक्रम नेरुळला असला तर शेवटच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवायची. डी. वाय. पाटील स्टेडियमवरून सगळं स्टेशन एकदम भरतं, त्यामुळे हातात अर्धा-पाऊण तास जास्तीचा ठेवायचा. जेवून जायचं. आत मिळणारं खाणं महाग असतं, आणि रांगेत उभं राहून दोन गाणी जातात ती वेगळीच.

फोनबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. एक गाणं रेकॉर्ड कर, हवं तर दोन, आणि मग फोन खिशात. फोनच्या माइकला तो आवाज पेलत नाही, बास फाटतो, वर शेजारच्याचं बेसूर ओरडणं येतं. पण मुख्य गोष्ट ही नाही. १५ डिसेंबर २०१९ ला नेरुळला यू-टूचा कार्यक्रम झाला. त्यांच्या एका गाण्याच्या वेळी मागच्या प्रचंड पडद्यावर स्त्रियांचे चेहरे येत होते, आणि त्यात गौरी लंकेश यांचा चेहरा आला. माझ्या आजूबाजूला कितीतरी हात फोन धरून वर होते, पण त्या क्षणी काही हात खाली आले. का आले ते कुणाच्याच व्हिडिओत दिसत नाही. ते मी सांगितलं तरच तुला कळणार.

म्हणून घरी पोचलीस की झोपायच्या आधी चार ओळी लिहून ठेव. गाण्यांची यादी लिहायची गरज नाही, ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी टाकतंच. तू काय खाल्लं होतंस, शेजारी कोण होतं, कुठल्या गाण्याला गायकाचा आवाज चिरकला, कुठे गिटारिस्ट चुकला आणि हसला, पाऊस होता का, ते लिही. चुका तर नक्की लिही. स्टुडिओतलं गाणं जगात सगळ्यांकडे एकसारखंच असतं. त्या रात्रीची चूक फक्त तिथे होती त्यांचीच.

आणि तुमच्या घोळक्यात कोल्डप्ले हा रॉक बँड आहे की नाही यावर वाद चालतो म्हणे. २०२५ च्या जानेवारीत नेरुळला त्यांचे तीन कार्यक्रम झाले, तिथे अनेक घरांतून बाप आणि लेक एकत्र गेले, मनगटावरचे दिवे एका वेळी पेटले. त्या वादात रात्र घालवण्यापेक्षा त्या बापलेकींना काय वाटलं ते ऐकण्यात मला जास्त रस आहे.

तुला खरोखर घोळका हवा असेल तर आपला जमवू. पुढच्या शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे या, तू आणि तुझ्या त्या दोघी मैत्रिणी. प्रत्येकीने एकच गाणं आणायचं. ते वाजत असताना कुणी बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, संपल्यावर जिने आणलं तिने त्याची गोष्ट सांगायची. गुण द्यायचे नाहीत, याचा नंबर पहिला, त्याचा दुसरा, असलंही काही नाही. गाणं मराठी असलं तरी चालेल. अभंग रिपोस्टची मंडळी तुकोबांचे अभंग ड्रम आणि बास गिटारवर घेतात, तेही कुणी आणलं तर मला आवडेल. टी-शर्ट घालून ये आणि आईलाही घेऊन ये, तिच्याकडून सवाईची ती पहाट मला पुन्हा ऐकायची आहे. स्पीकर माझ्याकडे आहे, पण त्याची वायर सैल झालीय, तेव्हा तुझ्याकडची घेऊन ये. सहाला सुरू करू. खालच्या काकूंना मी सांगून ठेवलंय, दहाच्या आत बंद करू म्हणून.